आल्बुकेर्कची दाढी

मंडळी नमस्कार. ओल्ड गोव्यात पाहुणे घेऊन तुम्ही कितीदा तरी गेला असाल, बासिलिका, सान झेवियर, सी कॅथेड्रल, चार फोटो, आणि बस पकडून परत पणजी. कॅथेड्रलच्या मागेच आर्किऑलॉजीवाल्यांचं म्युझियम आहे, पण तिथे जिना चढायचा म्हटलं की सगळ्यांचे पाय दुखतात. परवा माझी कोल्हापूरची मावशी आलेली, तिला घेऊन गेलेच वरच्या मजल्यावर. भिंतीभर पोर्तुगीज व्हाइसरॉय नि गव्हर्नर, साठेक तरी असतील, डोक्यापासून बुटापर्यंत रंगवलेले, आणि मावशी दोन मिनिटांत म्हणते, "अगं, सगळ्यांची तोंडं एकसारखीच की!"

हसू नका, म्हातारीची नजर बरोबर आहे.

झालं असं की 1547 साली दों जुआंव द काश्त्रु गव्हर्नर होता, दीवचा वेढा मोडून आलेला. हा तोच बरं का, ज्याने दीवचा पडलेला किल्ला बांधायला गोव्याच्या लोकांकडे वीस हजार पार्दांव (तेव्हाचं गोव्यातलं नाणं) उसने मागितले आणि तारण म्हणून स्वतःच्या दाढीचे केस पाठवले, लोकांनी पैसे दिले आणि दाढी परत केली म्हणतात. आज कुठली बँक घेईल हो असलं तारण? तर या काश्त्रुच्या मनात आलं की आपल्या आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची चित्रं वाड्यात लावावीत. वाडा म्हणजे मूळचा आदिलशहाचा, सांत काजेतान चर्चजवळ त्याचा दरवाजा तेवढा उरलाय.

पण बहुतेक मंडळी तोवर मेलेली किंवा मायदेशी परतलेली. गोवा जिंकणारा आल्बुकेर्क तर 1515 मध्येच गेला, मांडवीच्या तोंडाशी, जहाजावर. मग काश्त्रुने गास्पार कोरैयाला बोलावलं, हा इतिहास लिहिणारा, तरुणपणी आल्बुकेर्ककडेच कारकून होता, थोडंफार चित्रही काढायचा. आणि त्याच्या जोडीला घेतला इथलाच एक चित्रकार. कोरैयाने स्वतः लिहून ठेवलंय की मी वर्णन सांगायचो आणि हा इथला माणूस रंगवायचा, हात उपजतच चांगला होता त्याचा. म्हणजे बघा, बत्तीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची कंबरेपर्यंतची पांढरी दाढी कोरैया आठवून सांगतोय आणि हा समोर लाकडी फळीवर ब्रश घेऊन बसलाय. नाव? कोरैयाने लिहिलंच नाही. स्वतःचं लिहिलं. माझ्या मनात तो आपला चितारीच, पाट-चौरंगावर फुलं काढणाऱ्यांपैकी, पुरावा विचारू नका.

पुढे प्रत्येक नव्या व्हाइसरॉयचं चित्र लावायची पद्धतच पडली. राजधानी पणजीला आली तशी चित्रंही आली, आणि मुक्तीनंतर म्युझियममध्ये गेली. मधल्या काळात आपला पावसाळा, ओल, वाळवी, फळ्यांना बुरशी, रंगाचे पोपडे, मग कुणीतरी वरून रंग मारायचा, परत पोपडे, परत रंग. चारशे वर्षं असं केल्यावर तोंडं एकसारखी होणार नाहीत तर काय. काही फळ्या विसाव्या शतकात दुरुस्तीला लिस्बनला नेल्या, आल्बुकेर्कचं एक चित्र तिथल्या म्युझियममध्येच आहे.

मावशी आमच्या इथल्या आल्बुकेर्कसमोर बराच वेळ उभी होती. खाली लावलेली पाटी दोनदा वाचून घेतली तिने, चष्मा वर करून. "अगं, काढलं कुणी ते कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, चल, बस जाईल.