जीन्स घेताना: दोन मापं आणि त्यांतला फरक

नमस्कार मैत्रिणींनो.

ट्रायल रूममध्ये जीन्स मांडीपाशी अडकली, किंवा वर चढली पण मागे कंबरेत मूठ जाईल एवढी फट राहिली, की आपल्या तोंडून पहिलं वाक्य काय निघतं? ‘जाऊ दे, मला जीन्स शोभतच नाही.’ मी शिवणकामात आणि अल्टरेशनच्या धंद्यात असल्यामुळे हे वाक्य सारखं कानावर पडतं. म्हणणारी कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी पन्नाशीतली शिक्षिका. आज या वाक्याची जरा उलटतपासणी करू या. कारण बहुतेक वेळा दोष अंगाचा नसतो, ज्या मापावर कापड कापलंय त्या मापाचा असतो.

जीन्स हा मुळात पुरुषांचा कपडा, तोही अंगमेहनतीच्या कामाचा. अमेरिकेत नेवाडातल्या रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस खिशांचे कोपरे उसवू नयेत म्हणून त्यांवर तांब्याचे रिव्हेट, म्हणजे बारीक खिळे, ठोकायचा. त्याने कापडाचा व्यापारी लिव्हाय स्ट्राउस याच्याबरोबर २० मे १८७३ रोजी या युक्तीचं पेटंट मिळवलं. स्ट्राउसच्याच कंपनीने बायकांसाठी म्हणून वेगळी जीन्स काढली ती १९३४ साली, म्हणजे साठ वर्षं उलटून गेल्यावर. बायकांच्या अंगाची मोजदाद तर त्याहून उशिरा झाली. अमेरिकेच्या शेती खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार बायकांची, प्रत्येकीची ५९ मापं घेतली. १९५८ मध्ये तिकडे सरकारी प्रमाण साइज ठरले आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतले गेले. आज प्रत्येक कंपनीचं २८ आणि ३० आपापलं आहे. लेबलवर ३० लिहिलेली जीन्स टेपवर साडेएकतीस-बत्तीस भरते, हे मला रोज दिसतं. गिऱ्हाइकाला बारीक झाल्यासारखं वाटावं म्हणून केलेली ही मेहेरबानी! आपल्याकडे ‘निफ्ट’ या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने ‘इंडियासाइझ’ नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं. मुंबईसह सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या पंचवीस हजार लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची, असा त्याचा आराखडा. पण दुकानात जायच्या आधी घरचा टेप आपणच काढलेला बरा.

दोनच मापं घ्यायची. एक कंबर, बेंबीच्या दोन बोटं खाली. दुसरं सीटचं, म्हणजे मागचा भाग जिथे सगळ्यात भरतो तिथून गोल फिरवून, पाय जुळवून, अंगात पातळ कपडा असताना. श्वास आत ओढून धरायचा नाही. टेपला फसवून आपल्यालाच काय मिळणार? आता मोठ्या मापातून लहान माप वजा करा. जो आकडा येईल तो तुमचा फरक. तुमच्या साइजच्या आकड्यापेक्षा हा फरकाचा आकडा जास्त कामाचा आहे. बऱ्याच कंपन्या साधारण नऊ-दहा इंचांचा फरक धरून कापतात. तुमचा फरक त्याच्या आसपास असेल तर तुम्ही नशीबवान, कुठल्याही दुकानात जा. मासिकांत बायकांना पेअर, सफरचंद असं म्हणायची एक पद्धत आहे. मला तो फळबाजार मुळीच आवडत नाही, आणि दुकानात त्याचा उपयोगही होत नाही.

फरक बारा-तेरा इंच असेल तर? म्हणजे कंबर बारीक, सीट आणि मांड्या भरलेल्या. आपल्याकडे अशा बांध्याच्या बायका खूप. त्यांची हमखास तक्रार एकच: स्कूटरवर बसलं की मागून जीन्स खाली जाते आणि कुर्ती ओढून ओढून हात दुखतो. अशा वेळी जीन्स कंबरेच्या मापाने घेऊच नका. सीट आणि मांडीला नीट बसेल ती घ्या, कंबर नंतर मारून, म्हणजे शिवणीत आत घेऊन, मिळते. कंबर बेताची आणि मांडी आवळलेली अशी जीन्स मात्र कुठलाही शिंपी मोठी करून देऊ शकणार नाही, कारण तयार जीन्सच्या आत सोडायला माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, जवळजवळ नसतेच.

घेताना दोन गोष्टी हाताने तपासा. जीन्स काउंटरवर सपाट पसरा आणि कंबरपट्टी बघा. आम्ही तिला नुसतं बेल्ट म्हणतो. ती फूटपट्टीसारखी सरळ पडली असेल, तर मोठ्या फरकाच्या कंबरेवर ती मागे उभी राहणार, फट पडणारच. पट्टी मधे किंचित खाली झुकलेली, कमानदार कापलेली असेल तर ती अंगाच्या वळणाबरोबर जाते. मग जीन्स उलटी करून मागच्या खिशांच्या वर बघा. तिथे बेल्टखाली एक वेगळा तुकडा जोडलेला असतो, मधे खाली उतरलेल्या इंग्रजी व्ही अक्षरासारखा. तो योक. शर्टात किंवा ब्लाउजमध्ये गोलाई आणायला आपण टक्स घालतो, जीन्समध्ये ते काम हा योक करतो. मधे खोल उतरलेला योक भरलेल्या सीटला चांगला. जवळजवळ सरळ पट्टीसारखा योक असेल, तर ती जीन्स सपाट अंगासाठी कापलेली आहे असं समजा, आणि कितीही सूट असली तरी ठेवून द्या.

आता उलट बाजू. फरक पाच-सहा इंचच आहे, पोट पुढे आहे आणि पाय बारीक आहेत. बाळंतपणानंतर, आणि चाळिशी-पन्नाशीत पाळी जाण्याच्या सुमारास, बऱ्याच जणींची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते. तीच बाई, वजनही फारसं बदललेलं नाही, पण जुन्या मापाची जीन्स आता लागत नाही. तुम्हाला माप कंबरेचं घ्यावं लागेल, आणि मग पाय ढगळ वाटतील. म्हणून पाय मुळातच सरळ, अंगासरशी उतरणारे बघा. बेल्ट रुंद हवा, दीड-दोन इंचांचा, आणि पोटाच्या वर येऊन थांबणारा. पोटाखाली बसणारी जीन्स आरामाची वाटते खरी, पण ती दर पाच मिनिटांनी घसरते आणि वरचा भाग बेल्टवरून बाहेर येतो. काही जीन्समध्ये पुढच्या खिशांचं अस्तर चेनपर्यंत ओढून शिवलेलं असतं. आत हात घालून बघितलंत तर कळेल. ते पोटावर सपाट बसतं आणि खिसे फुगू देत नाही. सिझेरियन झालेल्या मैत्रिणींना एक सांगते: टाका ओटीपोटात खाली असतो, आणि लो-वेस्ट जीन्सचा बेल्ट नेमका त्याच्या आसपास घासतो. हाय-वेस्ट त्याच्या बरीच वर जाते.

सरळ, सडपातळ अंगाच्या मुलींना फार सांगण्यासारखं नाही. जरा जाड कापड घ्या, मागच्या खिशांना झाकण किंवा ठसठशीत शिलाई असेल तर सीट भरल्यासारखी दिसते, आणि फार स्ट्रेचच्या नादी लागू नका, गुडघ्यावर पोती लोंबतात.

कापडाचं आलंच आहे तर तेवढं बोलून घेते. आतल्या लेबलवर ९८ टक्के सुती आणि २ टक्के इलास्टेन असं लिहिलेलं असेल तर रोजच्या वापराला ते चांगलं. इलास्टेन म्हणजे ज्याला आपण सरसकट लायक्रा म्हणतो तेच. हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर गेलं की ती जीन्स कमी आणि लेगिंग जास्त. मांडीवरचं कापड दोन मुठींत धरून ताणा आणि सोडा. लगेच पूर्ववत झालं तर घ्या. लाट तशीच राहिली तर संध्याकाळी गुडघ्यांवरही तशीच राहणार. डेनिमचं वजन औंसात मोजतात, एक चौरस यार्ड कापड किती भरतं ते. दहा औंसांच्या आतलं हलकं, मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात सोसवणारं. बारा औंसांच्या पुढचं जाड, अंगाला धरून ठेवणारं, पण पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिमची मोठी गिरणी आहे आणि उल्हासनगरात जीन्स शिवण्याचा मोठा धंदा आहे, तेव्हा जीन्स म्हणजे परदेशी माल हे आता कुणी सांगू नये. साधी, बिनब्रँडची जीन्सही वरच्या सगळ्या कसोट्यांना उतरू शकते, आणि महागडी नापास होऊ शकते.

उंचीबद्दल. आपल्या बायकांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास, आणि हँगरवरच्या जीन्सची आतली लांबी, म्हणजे पायांच्या मधल्या जोडापासून खालच्या कडेपर्यंतची, तीस ते बत्तीस इंच. खालून कापली की झालं, असं वाटतं. पण बूटकट किंवा स्किनी जीन्सचा गुडघा कुठे येणार हे कापतानाच ठरलेलं असतं. तो तुमच्या गुडघ्याच्या खाली उतरतो, पाय चुकीच्या जागी अरुंद होतो, आणि खालून कापल्यावर बूटकटचा घेरही निघून जातो. बुटक्या मैत्रिणींनी अँकल-लेंथ म्हणून विकली जाणारी जीन्स घालून बघावी. तिची आतली लांबी सव्वीस-अठ्ठावीस असते. ती तुम्हाला पूर्ण लांबीची होते आणि गुडघाही जागेवर येतो. तसंच राइजचं. राइज म्हणजे पायांच्या मधल्या जोडापासून पुढे बेल्टच्या वरच्या कडेपर्यंतची उंची. अकरा-बारा इंचांचा राइज उंच बाईला कंबरेवर बसतो, पाच फुटांच्या बाईला थेट बरगड्यांशी. तुम्हाला नऊ-साडेनऊ पुरतो.

ट्रायल रूममध्ये आरशासमोर सरळ उभं राहून जीन्स पसंत करणं म्हणजे अर्धीच परीक्षा. तिथे स्टूल असेल तर बसा, नसेल तर उकिडव्या बसा. सीट बसल्यावर इंच-दोन इंच पसरते, ते कापडाला सहन व्हायला हवं. बसल्यावर मागे बेल्टमध्ये दोन बोटं जावीत, अख्खा पंजा जाऊ नये. मग उभ्या राहा आणि सुरकुत्या वाचा. मांडीच्या सांध्यापासून बाजूला पसरणाऱ्या आडव्या रेघा म्हणजे तिथे कापड कमी पडतंय. सीटखाली उभी झोळ म्हणजे जास्त झालंय. बाजूचे खिसे कानासारखे उघडले तर सीटला घट्ट. समोरून चेनपाशी काचतंय आणि मागून खाली सरकतंय, तर मागचा राइज कमी आहे, आणि त्याला मोठा साइज हा उपाय नाही, दुसरी कापणी शोधा. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत: एकाच साइजचे दोन नग घालून बघा. कारखान्यात कापडाचे कितीतरी थर एकावर एक रचून एकदम कापतात, वरच्या आणि खालच्या थरात थोडा फरक पडतो. धुलाईही प्रत्येक रंगाची वेगळी, त्यामुळे काळी ३० आणि निळी ३० सारखी बसेलच असं नाही.

खिशात मोबाइल घालून बघा, हेही सांगायला हवं. ‘द पुडिंग’ नावाच्या अमेरिकी प्रकाशनाने २०१८ मध्ये वीस ब्रँडच्या जीन्स मोजल्या, तेव्हा बायकांचे पुढचे खिसे पुरुषांच्यापेक्षा ४८ टक्के आखूड निघाले. ज्यांना ऑफिसात पर्स सांभाळायचा कंटाळा आहे त्यांना हा आकडा वेगळा सांगायला नको.

घरबसल्या मागवत असाल तर साइजच्या आकड्यावर जाऊ नका. तुमची सगळ्यात चांगली बसणारी जीन्स जमिनीवर पसरा, बेल्ट, सीट, मांडी, पुढचा राइज आणि आतली लांबी मोजून कागदावर लिहून ठेवा, आणि विक्रेत्याने दिलेल्या मापांशी ताडून बघा. मांडीचं माप सपाट घेतलंय की गोल, तेवढं नीट वाचा, तिथेच घोळ होतो.

शेवटी शिंप्याकडचं काम. कंबर मागच्या मधल्या शिवणीतून मारायला सांगा. दीड इंचापर्यंत खुशाल मारा. त्याहून जास्त घेतलं की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात. लांबी कमी करायची असेल तर आधी जीन्स एकदा धुऊन वाळवा, सुती कापड थोडं आटतं. ज्या चपला किंवा बूट रोज घालता ते घालून उभ्या राहा आणि टाचण्या दोन्ही पायांना वेगवेगळ्या लावून घ्या, बऱ्याच जणींच्या दोन पायांत थोडा फरक असतो. कंपनीची मूळ दुमड ठेवून, वरचा भाग कापून ती पुन्हा जोडता येते. थोडे जास्त पैसे पडतात, पण झिजलेली फिकी कड जागेवर राहते. आणि कापलेला तुकडा शिंप्याकडून न विसरता मागून घ्या. भरल्या मांड्यांची जीन्स नेहमी आतल्या बाजूला, एकमेकींवर घासून विरते. कापड पातळ झालेलं दिसलं की भोक पडायची वाट न बघता याच तुकड्याचं ठिगळ आतून लावून बारीक टीप मारून घ्यायची. रंग तंतोतंत जुळतो, आणि जीन्स आणखी एखादं वर्ष निघते.

नमस्कार.