गोव्यातली १५१० ची लग्नं: संमती कुणाची होती?

नमस्कार मंडळी! "इंग्रज आपल्याला लांब ठेवायचे, पोर्तुगीज निदान इथल्या बायकांशी लग्नं तरी करायचे." हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. आज त्या 'निदान'बद्दल बोलू या.

२५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्कने आदिलशाहीतलं गोवा शहर दुसऱ्यांदा घेतलं. मग चार दिवस मुसलमानांची कत्तल चालली. हे त्यानेच २२ डिसेंबरच्या पत्रात पोर्तुगालच्या राजा मानुएलला अभिमानाने कळवलंय. आणि त्याच पत्रात लग्नांचीही बातमी आहे! गोऱ्या, देखण्या मुसलमान बायका हाती लागल्या, आमच्या काही माणसांना त्यांच्याशी लग्न करून इथेच राहायचं होतं, मी लग्नं लावून दिली, घोडा, घरं, जमीन, गुरं दिली, असं तो लिहितो.

आता जरा तिच्या बाजूने बघा. शहरात तिच्याच माणसांची प्रेतं पडलीत. ती कैदेत आहे. आधी बाप्तिस्मा, मग लग्न. नाही म्हणाली असती, तर गेली असती कुठे? पत्रात घोड्याचा उल्लेख आहे, तिच्या होकाराचा नाही. पुढे एखाद्या घरात माया निर्माण झालीही असेल, माणसंच ती. पण सुरुवात कैदेतून झाली, हे मला विसरता येत नाही.

अल्बुकर्कचा हिशेब सरळ होता. पोर्तुगाल छोटा देश, समुद्रप्रवास कित्येक महिन्यांचा, जहाजांवर बायका जेमतेम. संसार मांडलेला शिपाई परत जात नाही, शहर राखतो. या लोकांना 'कझादो' म्हणायचे.

आणि गंमत नव्हे, संताप यावा अशी गोष्ट पुढे आहे. १९५१ मध्ये ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तु फ्रेयरे पोर्तुगीज सरकारच्या आमंत्रणावरून गोव्यात आले. पोर्तुगीज माणूस उष्ण प्रदेशातल्या लोकांत सहज मिसळतो, असा त्यांचा सिद्धांत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने तो उचलला आणि जगाला सांगितलं: आमच्याकडे वंशभेदच नाही, मग गोवा सोडायचा कशाला?

भेद नव्हता? मग सोळाव्या शतकात लिस्बनहून 'राजाच्या अनाथ मुली', म्हणजे राजाच्या आश्रयाखालच्या अनाथ पोर्तुगीज मुली, गोव्यात का पाठवल्या जायच्या? त्या मुलीशी लग्न करणाऱ्याला हुंड्यात सरकारी पद मिळायचं. स्थानिक बायको करणाऱ्याला जमीन, गोरी बायको करणाऱ्याला अधिकारपद. आणि या मुलींनाही कुणी विचारलं नव्हतंच.