शस्त्रक्रियेतला दीड मिनिटांचा विसावा

बेळगावातील एका रुग्णालयात सकाळची पहिली शस्त्रक्रिया सुरू होऊन अर्धा तास झाला आहे. खानापूर तालुक्यातून आलेल्या रुग्णाचे खड्यांनी भरलेले पित्ताशय दुर्बिणीतून काढले जात आहे. सर्जनच्या दोन्ही हातांत लांब दांड्याची उपकरणे आहेत, नजर पडद्यावर खिळली आहे, आणि त्यांचे खांदे नकळत कानांकडे सरकलेले दिसतात.

माणसाच्या डोक्याचे वजन साधारण पाच किलो असते. मान 30 अंशांत झुकली की मणक्यावरचा भार हिशेबाने 18 किलोंपर्यंत जातो. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत मान खाली झुकते, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ती पडद्याच्या दिशेने तासन्‌तास अवघडून राहते. हाडांच्या शस्त्रक्रियांत क्ष-किरणांपासून बचावासाठी घातलेल्या शिशाच्या एप्रनचे ओझे वेगळेच.

सिस्टर कन्नडमधून विसाव्याची वेळ झाल्याची आठवण करतात. सर्जन लगेच हात थांबवत नाहीत, आणि तसे थांबवूही नयेत. रक्तवाहिनीवर क्लिप बसते, उपकरणे बाहेर येतात, भूलतज्ज्ञ मान हलवून होकार देतात, आणि मगच सर्जन व त्यांचे सहायक टेबलापासून एक पाऊल मागे येतात.

पुढचा भाग नीट पाहावा. निर्जंतुक हात कमरेखाली जाऊ द्यायचे नाहीत आणि कशालाही लागू द्यायचे नाहीत, हे पाळूनच सारी हालचाल होते. मान सावकाश मागे, मग पुढे. खांदे मागच्या बाजूने गोल फिरवणे. छातीसमोर हातमोजे घातलेली बोटे एकमेकांत गुंतवून पाठीचा वरचा भाग ताणणे. कंबर किंचित मागे नेऊन पुन्हा सरळ करणे. शेवटी टाचा उचलणे, मग चवडे. दीड मिनिट होते, आणि उपकरणे पुन्हा हाती येतात.

अमेरिकेतील चार वैद्यकीय केंद्रांतील 66 सर्जनांवर झालेला, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास असाच होता. दर 20 ते 40 मिनिटांनी दीड-दोन मिनिटांचा असा विसावा घेतल्यावर अंगदुखी कमी झाली आणि शस्त्रक्रियेचा एकूण वेळही वाढला नाही. निपाणी, चिकोडी, चंदगडपासूनचे रुग्ण ज्या यादीत वाट पाहत असतात, त्या यादीला या विसाव्याने धक्का लागत नाही, हे ठासून सांगायला हवे.

दुखणाऱ्या मानेने वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या काही सर्जनांना पुढे काम कमी करावे लागते.

कामात गढलेल्या सर्जनला स्वतः घड्याळाकडे पाहणे शक्य नसते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ज्या वेळी सुरक्षिततेची तपासणी-सूची मोठ्याने वाचली जाते, त्याच वेळी विसाव्याची वेळ कोणी पुकारायची हेही ठरायला हवे. इथे ती जबाबदारी सिस्टरांकडे आहे, आणि त्यांनी पुकारल्यावर ज्येष्ठ सर्जनही थांबतात.