घंटा कुणाच्या गळ्यात?

श्रोतेहो, नमस्कार.

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा आपल्याकडे उंदरांपुढचा प्रश्न. न्यूझीलंडमध्ये तो अख्ख्या देशापुढे आहे, आणि जीव जातो तो पक्ष्यांचा.

त्या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. मागे लागणारंच कुणी नाही म्हटल्यावर कित्येक पक्षी उडणं विसरले. 1894 मध्ये स्टीफन्स बेटावर दीपगृह सुरू झालं आणि माणसांपाठोपाठ मांजरही उतरलं. तिथे एक चिमुकला, न उडणारा रेन पक्षी होता. मांजर त्याला मारून आणी, आणि दीपगृहावरचे डेव्हिड लायल ते पक्षी जपून ठेवीत. जगाला हा पक्षी कळला तो असा! थोड्याच काळात तो संपलाही. एकट्या मांजरीने अख्खी जात संपवली, असं सांगतात. खरं तर तिथे मांजरांचं गोकुळच झालं होतं. पण गोष्टीत आरोपी एकच असला की बरं असतं.

2010 मध्ये रुआपेहू पर्वताजवळच्या रानात एका रानटी मांजराने आठवडाभरात शंभराहून जास्त वटवाघळं मारली. तरीही 2016 साली सरकारने 2050 पर्यंत उंदीर, स्टोट (मुंगसासारखा एक छोटा शिकारी प्राणी) आणि पॉसम (झाडांवर राहणारा, पिशवीत पिल्लं वाढवणारा प्राणी) यांचा नायनाट करायचं ठरवलं, तेव्हा मांजर यादीबाहेरच राहिलं. स्टोट काही कुणाच्या उशाशी झोपत नाही ना!

गॅरेथ मॉर्गन या उद्योजकाने 2013 मध्ये ‘आहे ते मांजर शेवटचं ठरवा’ म्हटलं, तर लोक खवळले. 2018 मध्ये ओमाउई या किनाऱ्यावरच्या वस्तीत नवी मांजरं पाळायला बंदीचा प्रस्ताव आला. लोक म्हणाले, मग उंदीर कोण आवरणार? हे हसण्यावारी नेऊ नका. हाउतुरू बेटावरची मांजरं 1980 पर्यंत संपवली, तर कुक्स पेट्रेल या समुद्रपक्ष्याची पिल्लं आणखीच कमी जगू लागली, कारण आता उंदरांना धाकच उरला नव्हता. 2004 मध्ये उंदीरही हटवले, तेव्हा कुठे पिल्लं वाचू लागली.

अखेर 2025 च्या नोव्हेंबरात रानटी मांजरांचं नाव यादीत घालायचं जाहीर झालं. घरची वगळून, अर्थातच.

आमच्या घरीही एक बोका आहे. काल गॅलरीत बुलबुलाची पिसं पडलेली दिसली. शेजारच्या काकूंनी बघायच्या आत मी ती केरात टाकली. बोक्याला काही बोललो नाही.