जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: आधी चालवून पाहा

नमस्कार श्रोतेहो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० साठी नेहमीचे सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. मर्यादित काळासाठी वाढीव मुदतीची सोय आहे, पण ती संपली की प्रश्न पुन्हा समोर येणारच. मुलामुलींच्या इंजिनियरिंगसाठी आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. स्क्रीन धड, कीबोर्ड धड, तरी त्यावर विंडोज ११ चढत नाही, कारण त्याला नव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते. असा लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्यावर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही सिस्टिम चालवून पाहा, हे सांगायला मी आज आले आहे. लगेच बसवा असं मी म्हणत नाही. आधी चालवून पाहा. जवळ कागद-पेन असेल तर घ्या, दोन-चार नावं लिहून ठेवण्यासारखी आहेत.

लिनक्स म्हटलं की काळ्या पडद्यावर भराभर आज्ञा टाइप करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो आणि आपण मागे सरतो. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलानं ऑगस्ट १९९१ मध्ये जाहीर केलं की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे. तेच हे लिनक्स. पुढे जगभरातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या मुळाशी हेच लिनक्स आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. केरळमधल्या सरकारी शाळांतली मुलंही संगणक शिकतात ते लिनक्सवरच. तेव्हा हे आपल्याला जमणार नाही, असं वाटण्याचं काही कारण नाही.

टोरवाल्ड्स यांनी लिहिला तो गाभा. त्यावर बाकीचे प्रोग्रॅम रचून जी वापरायला तयार व्यवस्था होते, तिला डिस्ट्रो म्हणतात. अशा डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत, आणि नवा माणूस अडकतो तो इथेच. महिनाभर तुलना वाचत बसतो आणि सुरुवात राहून जाते. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्यांदा लिनक्स मिंट घ्या. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, वरच्या कोपऱ्यात खिडकी बंद करायची फुली, असं ओळखीचं रूप आहे. मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोवर आधारलेली असल्यामुळे उबुंटूसाठी सांगितलेले बहुतेक उपाय तिलाही लागू पडतात. रॅम चार जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, आठ असेल तर सिनॅमन. दोन जीबीवरही चालतं असं मिंटवाले सांगतात आणि ते खरंही आहे. पण आजच्या वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडल्या की दोन जीबी पुरत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून रिकामा घ्या. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून साधारण तीन जीबीची फाइल उतरवून घ्या. ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, रूफस किंवा एचर या प्रोग्रॅमनं ती लिहावी लागते. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, पेनड्राइव्ह लावा, आणि सुरू करताकरता बूट मेनूची, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ते निवडायच्या यादीची, कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर ती बहुधा एफ १२ असते, एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ ९. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप समोर येईल.

या क्षणी पुष्कळांना धास्ती वाटते, म्हणून सावकाश सांगते. ही सगळी व्यवस्था पेनड्राइव्हवरून आणि रॅममध्ये चालते आहे. तुमचं विंडोज, तुमचे फोटो, तुमची कागदपत्रं हार्डडिस्कवर जशीच्या तशी आहेत. डेस्कटॉपवर इन्स्टॉलचं एक चित्र दिसेल, त्याला आज हात लावू नका. बाकी हवं ते उघडा, सेटिंग बदला, पुन्हा बंद करा. लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह काढला की पुढच्या वेळी विंडोजच सुरू होईल. पेनड्राइव्हमुळे हे जरा संथ वाटतं, त्यावरून वेगाचा निकाल देऊ नका.

तपासायचं ते वेगळंच आहे. वायफाय दिसतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, घरातला प्रिंटर एक पान छापतो का, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. काही वायफाय चिप, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, सुरुवातीला त्रास देतात. तेव्हा अँड्रॉइड फोन केबलनं जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लॅपटॉपला इंटरनेट मिळतं. मग मेनूतलं ड्रायव्हर मॅनेजर उघडा, लागणारं ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, बहुधा तिथेच सापडतं.

सगळं चाललं तरी घाई करू नका. तुमची रोजची कामं कोणती, ते पाहा. टॅलीवर हिशेब ठेवत असाल, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षांचा मजकूर असेल, पेजमेकरवर पत्रिका आणि हँडबिलं लावत असाल, तर त्या यंत्रावरचं विंडोज काढू नका. ही कामं लिनक्सवर सरळ होत नाहीत, आणि पोटापाण्याच्या कामाशी प्रयोग करू नयेत. ई-निविदांसाठी डिजिटल सहीचा डोंगल वापरत असाल तर तोही आधी तपासून घ्या. पण काम ईमेल, बँकेची वेबसाइट, पत्रं, तक्ते, व्हिडिओ एवढंच असेल, तर आजपासून विंडोजवरच फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि व्हीएलसी वापरायला लागा. हे तिन्ही प्रोग्रॅम लिनक्सवर तसेच्या तसे आहेत. महिनाभर त्यांवर काम निभलं की खालची सिस्टिम बदलल्याचा फारसा धक्का बसत नाही. नव्या माणसाला देण्यासारखा याहून चांगला सल्ला माझ्याकडे नाही.

बसवायचं ठरलं की आधी बॅकअप. बाहेरच्या डिस्कवर सगळं घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर लावून फाइली खरंच उघडतात का ते पाहा. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची, रिकव्हरी की लिहून घ्या आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. इन्स्टॉल करताना एक प्रश्न येतो: डिस्क पूर्ण पुसायची की विंडोजच्या शेजारी बसवायचं? एवढा एक प्रश्न दोनदा वाचा. बाकीचे सोपे आहेत.

पहिल्या आठवड्यात काही गोष्टी नव्या वाटतील. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह दिसणार नाहीत, तुमचं सगळं होम या फोल्डरमध्ये असेल. फाइलच्या नावात इंग्रजी मोठं आणि लहान अक्षर वेगळं धरलं जातं. प्रोग्रॅम हवा असेल तर वेबसाइटवर शोधत फिरू नका, सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये पाहा. टाइमशिफ्ट नावाची सोय पहिल्याच दिवशी सुरू करा, काही बिघडलं तर ती सिस्टिम मागच्या तारखेला नेऊन ठेवते. मात्र तुमचे फोटो आणि कागदपत्रं ती आपणहून जपत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायची वेळ आलीच, तर पासवर्ड टाइप करताना मिंटमध्ये अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या दिसतात, काही डिस्ट्रोंत तर पडद्यावर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो. टाइप करून एंटर दाबा. आणि कुणी दिलेली आज्ञा काय करते हे कळल्याशिवाय ती चालवू नका.

मराठी वाचायला सहसा काहीच करावं लागत नाही. लिहायला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट म्हणून मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी येत असेल तर काम झालं. येत नसेल तर शिकून घ्या असं मी आग्रहानं सांगेन. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं अशी नेटकी मांडणी आहे. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर आयबस ही टाइपिंगची सोय आणि तिला जोडून एम-१७-एन घ्या, त्यात गमभनची पद्धतही मिळते.

अडलात तर विचारा. पुण्यात प्लग हा लिनक्स वापरणाऱ्यांचा गट बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि तुमच्या जवळच्या इंजिनियरिंग कॉलेजात लिनक्स वापरणारं कुणी ना कुणी भेटेलच. विचारताना मिंटची आवृत्ती, लॅपटॉपचं मॉडेल आणि पडद्यावर आलेला संदेश अक्षर न बदलता सांगा. नुसतं ‘चालत नाही’ म्हटलं तर समोरच्याला काहीच करता येत नाही.

नमस्कार.