भीती चुकीच्या पारड्यात

(नाशिकमध्ये पालक आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'मुरमांवरची जोरदार गोळी: फायदे आणि दुष्परिणाम'. गोळीचं नाव आयसोट्रेटिनॉइन. नाव घेतल्याबरोबर मागच्या रांगांत कुजबुज झाली, म्हणजे बरेचजण ऐकून आहात. कॉलेज रोडवरून आलेल्या मुलींनी मान डोलावली आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या आयांनी नकारार्थी हलवली. मला तिथूनच सुरुवात करायची आहे.

ही गोळी लिहून दिली की माझ्यासमोर बसलेल्या घरचा पहिला प्रश्न 'गुण येईल का' हा जवळजवळ कधीच नसतो. 'मॅडम, गरम तर नाही ना पडणार?' 'लिव्हर खराब होतं म्हणे.' 'पुढे लग्नाचं बघायचंय, मूलबाळ व्हायला अडचण नको.' प्रश्न रास्त आहेत आणि आज एकेकाचं उत्तर द्यायचंय. पण हे विचारणाऱ्या आईच्याच पर्समध्ये पुष्कळदा एक अर्धी पिळलेली ट्यूब निघते, आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. आपण औषधाला भितो, भरपूर भितो, पण ज्याला भ्यायला हवं ते बिनधास्त तोंडाला फासतो. म्हणून गोळी तोलण्याआधी मला ट्यूबबद्दल बोलायचंय. थोडं लांबेल, पण ऐका.

निफाड तालुक्यातली एक मुलगी. घरी द्राक्षबाग, वडील छाटणीच्या गडबडीत, म्हणून आई आणि मामा घेऊन आले होते. तोंडाला ओढणी इतकी घट्ट गुंडाळलेली की फक्त डोळे दिसत होते. ओढणी काढायला मी सांगितलं तर आधी तिने दार नीट लागलंय का ते पाहिलं. दोन्ही गाल लालबुंद, त्यावर बारीक शिरांची जाळी उघड दिसत होती, कानाच्या पुढे नव्याने आलेली लव, आणि हनुवटीवर एकसारख्या आकाराच्या पुटकुळ्या. म्हणाली, 'साधं पाणी लागलं तरी झोंबतं. उन्हात तर जाताच येत नाही.' ट्यूब दाखव म्हटल्यावर आईने पर्समधून काढून टेबलावर ठेवली. खालून दुमडत दुमडत अगदी तोंडापर्यंत आणलेली, शेवटचा थेंबही वाया जाऊ नये म्हणून. बारीक अक्षरं वाचायला मी चष्मा पुसून घेतला. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन.

मोमेटासोन हे स्टिरॉइड. हायड्रोक्विनोन रंग फिका करतं. दोन्ही उपयोगी औषधं आहेत, आणि हे तिघांचं मिश्रण वांगासाठी थोडे आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं असतं. हिला ते मिळालं चुलत बहिणीकडून. बहिणीचं लग्न ठरलेलं, तिला कुणीतरी 'उजळायची ट्यूब' दिलेली. लावल्यावर चार दिवसांत चेहरा खरंच नितळ दिसतो, कारण स्टिरॉइड सूज आणि लाली दाबून टाकतं. फसगत तिथेच होते. पुढे कातडी पातळ होत जाते, शिरा वर येतात, स्टिरॉइडमुळेच वेगळे फोड उठतात. ट्यूब बंद केली की दोन दिवसांत चेहरा पेटल्यासारखा होतो, मग माणूस घाबरून पुन्हा लावतो. त्या चक्रात ही मुलगी बारावीपासून सापडली होती.

आता आईचं वाक्य ऐका. ट्यूब बंद करून, चेहरा शांत झाल्यावर पुढे मूळच्या मुरमांसाठी गोळीचा विचार करू, असं मी म्हटलं. आई चटकन म्हणाली, 'गोळी नको हो मॅडम, ती पोटात जाते. ट्यूब काय, वरूनच लावायची.' त्या माऊलीवर माझा काडीचाही राग नाही. पण 'वरून लावायचं म्हणजे निर्धोक' या समजुतीने नाशिक जिल्ह्यात जितके चेहरे बिघडलेले मी पाहिले, तितके गोळीने बिघडलेले पाहिलेले नाहीत. आणि त्या ट्यूबमधलं ट्रेटिनॉइन हे आयसोट्रेटिनॉइनचं सख्खं भावंड आहे. दोन्ही जीवनसत्त्व 'अ'च्या घराण्यातली, रेणू तोच, फक्त एका ठिकाणी वळण वेगळं. एकीचं नाव काढलं की घाबरायचं, आणि तिची बहीण स्टिरॉइडबरोबर रोज रात्री गालावर चोळायची.

2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची 14 स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्याआधी आम्हा त्वचारोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना वर्षानुवर्षं हे मागत होती. कागदावर नियम आला. पण आजही मोबाइलवर शेजारणीच्या चिठ्ठीचा फोटो दाखवला की ट्यूब हातात पडते. सगळे मेडिकलवाले असे नाहीत, हेही सांगते. नाशिकरोडच्या एका दुकानदाराने मला फोन करून विचारलं होतं, 'मॅडम, तुमची जुनी चिठ्ठी घेऊन पोरगी तिसऱ्यांदा आलीय, देऊ का?' अशा माणसांमुळे कितीतरी चेहरे वाचतात. तुमच्या गल्लीत असा कुणी असेल तर त्याच्याकडूनच औषध घ्या, दोन रुपये जास्त पडले तरी.

मघाशी दारात एका काकांनी गाठलं: 'मिसळ बंद केली तर पिंपल्स जातील का?' नाशिकच्या माणसाला हा प्रश्न जिवावरचा आहे, कळतंय मला. (हशा) तिखटाने मुरूम येतात याला आधार नाही, तर्री खुशाल घ्या. गोड, मैदा, रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारं खाणं आणि काहींच्या बाबतीत दूध, यांचा थोडाफार संबंध अभ्यासांत दिसतो. मिसळीबरोबरचा पाव दुसऱ्यांदा मागवताना हात आखडता घ्या, इतकंच. पोट साफ नाही म्हणून मुरूम, रक्त अशुद्ध म्हणून मुरूम, हेही डोक्यातून काढा. टूथपेस्ट आणि लिंबू लावणं तर आजच थांबवा, भाजलेली कातडी मी दर आठवड्याला बघते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिली आहेत. पत्रिकेवरचा विषय आता भराभर घेते.

मुरूम होण्यामागे चार गोष्टी असतात: तेल जास्त सुटणं, रोमछिद्राचं तोंड चोंदणं, आत जंतू वाढणं, आणि सूज. बाकीची औषधं यातल्या एका-दोघींवर चालतात. आयसोट्रेटिनॉइन चारही ठिकाणी पोहोचतं, मुख्य म्हणजे तेलाची ग्रंथीच आक्रसवतं. 1979 साली अमेरिकेत अतिशय तीव्र, गाठींच्या मुरमांच्या 14 रुग्णांना हे देण्यात आलं आणि 13 जणांचा चेहरा पूर्ण निवळला. औषध बंद केल्यावरही तो निवळलेलाच राहिला, आणि तोवर हे कशानेच जमलेलं नव्हतं. 1982 मध्ये तिकडे मान्यता मिळाली.

हे औषध चार पुटकुळ्यांसाठी नाही. त्याला अ‍ॅडापॅलीन, बेन्झॉइल पेरॉक्साइड ही वरून लावायची औषधं पुरतात, जास्त असेल तर काही आठवडे डॉक्सिसायक्लिन, म्हणजे जंतू मारणारी अँटिबायोटिक गोळी. ज्याच्या चेहऱ्यावर-पाठीवर दुखऱ्या गाठी आहेत, खड्डे पडायला लागलेत, किंवा बाकी उपचार करून दमलाय, त्याच्यासाठी ही गोळी आहे. घरोघरी 'वय झालं की आपोआप जातील' म्हणतात ना, तिथेच माझा वाद आहे. मुरूम जातात, खड्डे राहतात. सातपूरला आयटीआय करणाऱ्या एका मुलाने वर्गाच्या ग्रुप फोटोत उभं राहायचं सोडलं होतं, आणि घरचे म्हणत होते थांबू, विशीनंतर बरं होईल. गोळीचे दुष्परिणाम मोजताना गोळी न घेण्याचेही मोजा, ते कायमचे असू शकतात.

डोस वजनावर असतो. दिवसाला किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम, आणि एकूण कोर्स साधारण 120 ते 150 मिलिग्रॅम दर किलोला. 50 किलोच्या मुलीला एकूण किमान 6000 मिलिग्रॅम लागणार, म्हणजे रोज 40 घेतले तर पाच महिने, 20 घेतले तर दहा. दुसऱ्या महिन्यात चेहरा छान दिसला म्हणून मधेच सोडली की मुरूम परत येण्याची शक्यता वाढते. आणि पहिल्या काही आठवड्यांत मुरूम थोडे वाढूही शकतात, तेव्हा धीर सोडू नका. गोळी जेवणानंतर, तेही तूप-तेल असलेल्या जेवणानंतर घ्या. उपाशीपोटी ती नीट शोषलीच जात नाही.

दुष्परिणाम तीन गटांत सांगते. पहिला, जवळजवळ सगळ्यांना होणारा आणि गोळी थांबल्यावर जाणारा: ओठ फुटणं, नाक-डोळे कोरडे पडणं, कातडी उन्हाला नाजूक होणं. आपल्याकडच्या थंडीत, निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत, ओठांना व्हॅसलिन खिशातच हवं. वॅक्सिंग नको, कातडी सोलून निघते. लेन्स लावणाऱ्यांना त्रास होतो. 'गरम पडली' म्हणतात ती हीच कोरड, औषध नेहमीसारखं काम करतंय एवढाच तिचा अर्थ.

दुसरा गट, थोड्यांना होणारा, म्हणून पाळतीवर ठेवायचा: रक्तातली चरबी, विशेषतः ट्रायग्लिसराइड, वाढणं, लिव्हरच्या चाचण्या थोड्या हलणं. म्हणून सुरू करण्यापूर्वी आणि नंतर रक्त तपासतो. बहुतेकांचे आकडे ठीक असतात, बिघडलेच तर डोस कमी करतो किंवा थांबवतो. जड व्यायाम करणाऱ्यांचे स्नायू दुखतात. रात्री कमी दिसायला लागलं तर कसारा घाटात गाडी घालू नका, आधी मला सांगा. डॉक्सिसायक्लिन आणि ही गोळी एकत्र कधीही नाही, मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. जोरात डोकं दुखून नजर अंधुक झाली तर लगेच दवाखाना गाठा. जीवनसत्त्व 'अ'च्या वेगळ्या गोळ्याही बंद.

तिसऱ्या गटात तडजोड नाही. गरोदरपणात ही गोळी चालत नाही, एकही नाही. बाळाचं हृदय, मेंदू, कान, चेहरा यांत गंभीर व्यंगं येतात. गरोदरपणात गोळी पोटात गेली तर जन्मणाऱ्या बाळांत त्यांचं प्रमाण 20 ते 35 टक्क्यांपर्यंत नोंदलेलं आहे, गर्भपात वेगळे. औषध बाजारात आल्यावर वर्षभरातच, 1983 मध्ये, पहिल्या अशा बाळांच्या नोंदी आल्या. 2006 पासून अमेरिकेत डॉक्टर, औषध दुकान आणि रुग्ण तिघांचीही नोंदणी झाल्याशिवाय ते मिळत नाही. आपल्याकडे ही जबाबदारी डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या बोलण्यावर आहे. म्हणून मी मुलीला एकटीला आत घेऊन विचारते, आणि आयांना विनंती करते की दोन मिनिटं बाहेर बसा. तो मुलीवरचा अविश्वास नसतो, तो प्रश्न प्रत्येकीला विचारायचा असतो. लग्न झालेलं असेल, ठरलेलं असेल, संबंध असतील, तर आधी गरोदरपणाची तपासणी, आणि कोर्सभर व नंतर एक महिना खात्रीचं गर्भनिरोधन. त्या महिन्यात औषध शरीरातून निघून जातं. पुढे मूल होण्यात त्यामुळे अडचण येत नाही. मघाच्या लग्नाच्या प्रश्नाचं हे उत्तर. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर आधी पीसीओएसची, म्हणजे बीजांडकोश आणि हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या, उपचाराची दिशाच बदलू शकते.

मनावर परिणाम होतो का? 2023 साली जामा डर्मॅटॉलॉजी या नियतकालिकात आलेल्या एकत्रित विश्लेषणात, मोठ्या समूहांकडे पाहता, आत्महत्या किंवा मानसिक आजारांचा धोका वाढलेला आढळला नाही. तीव्र मुरमांनी मुलं मुळातच खचलेली असतात, हे मी रोज पाहते. तरीही एखाद्याला त्रास होऊ शकतो असं धरूनच चालायचं. मूल गप्प झालं, झोप उडाली, चिडचिड वाढली, जगण्यात अर्थ नाही असं बोलायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. आधीपासून नैराश्याचे उपचार चालू असतील तर ते लपवू नका. त्यामुळे गोळी नाकारली जाईलच असं नाही, आम्ही जवळून लक्ष ठेवू.

घंटा झाली, पण मुलांसाठी एक राहिलं. तुमच्या कॉलेजांत रक्तदान शिबिरं होतात. ही गोळी चालू असताना आणि संपल्यावर एक महिना रक्त देऊ नका, मुलांनीसुद्धा. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं जाऊ शकतं. फॉर्मवर विचारलं नसलं तरी तिथल्या डॉक्टरांना आपणहून सांगा.