दूधसागर किती फुटांचा करायचा?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात सांग्याहून माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, मागची खोली रिकामी झाली. मी आता मॉडेल आगगाडी मांडणार. एचओ घेऊ की एन?" एचओ आणि एन ही मॉडेल गाड्यांची मापं. मी विचारलं, "खोली केवढी आहे रे?" तर म्हणतो, "खोलीचं बघू नंतर. आधी गाडी तर ठरू दे!"

मला हसू आलं, कारण मीही नेमकं हेच केलं होतं. आधी इंजिन आणलं, डबे आणले, आणि मग कळलं की त्या डब्यांना वळायला जागा द्यायची तर जेवणाचं टेबल खोलीबाहेर काढावं लागेल. टेबल जिंकलं. डबे चार वर्षं कपाटावर होते.

तर आज मॉडेल रेल्वेच्या स्केलबद्दल, म्हणजे प्रमाणाबद्दल, बोलू या.

नाताळात शेजाऱ्यांकडे मांडलेला गोठा तुम्ही पाहिला असेल. त्यात मेंढी झोपडीपेक्षा मोठी असते. आपल्या चवथीच्या देखाव्यातही डोंगराच्या डोक्यावरून बैल वाकून बघतो. देवाच्या दारी ते चालून जातं. रेल्वेत मात्र गाडी प्लॅटफॉर्मला लागली, की प्रवाशाचं डोकं खिडकीशी येतंय की चाकाशी, ते लहान पोरालाही कळतं. म्हणून सगळं एकाच मापात हवं. एचओ म्हणजे खऱ्याचा ८७वा भाग, एन म्हणजे १६०वा. झेड त्याहून बारीक, २२०वा. मार्क्लिन या जर्मन कंपनीनं ते १९७२ मध्ये आणलं. ओ स्केल युरोपात साधारण ४३ ते ४५वा भाग धरतात. त्यात आपला एलएचबी, म्हणजे नव्या बनावटीचा लांब डबा, अर्धा मीटर भरतो, तेव्हा ते ज्याच्या घरी चौक आहे त्यानं बघावं.

यात एक गोंधळ नेहमी होतो. स्केल वेगळं आणि गेज वेगळं. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपली ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट उंचीचा माणूस रुळांमध्ये आडवा बरोबर मावेल. कुणी करून बघू नका, कृपा करा. एचओच्या हिशोबानं हे अंतर १९ मिलिमीटरच्या थोडं वर यायला हवं. बाजारातला एचओचा रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटरवरून बेतलेला. म्हणजे आपल्या गाड्या त्यावर जरा अरुंद पायांवर उभ्या राहतात. इंग्रजांच्या डबल-ओ स्केलमध्ये तर गाडी ७६व्या भागाची आणि रूळ तोच १६.५चा, म्हणजे पाय आणखी आखूड. आम्ही त्याकडे डोळेझाक करतो. समोरून बघायचं नाही, बाजूनं बघायचं!

पण गोव्याच्या माणसाला इथे एक गंमत सापडते. पोर्तुगीज अमलात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, मुरगावहून कुळेमार्गे कॅसलरॉकला गेलेली आपली गाडी मीटरगेज होती. नव्वदच्या दशकात ती ब्रॉडगेज झाली. एक मीटर भागिले ८७ केलं, तर साडेअकरा मिलिमीटर. आणि युरोपातल्या डोंगरी मीटरगेज गाड्यांसाठी १२ मिलिमीटरचा एचओ रूळ तयार मिळतो. म्हणजे आजचं मडगाव रुळांत चुकतं आणि आजोबांचं कुळे जवळजवळ बिनचूक बसतं. इंजिनं-डबे मात्र बरेचसे हातानं करावे लागतील, त्याला इलाज नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येतो. मी त्याला म्हटलं, कॅटलॉग बाजूला ठेव. तुला कोणता सर्वांत लांब डबा चालवायचाय ते सांग. तो म्हणाला, "कोकणकन्येचा." म्हणजे एलएचबी, सुमारे २४ मीटर. एचओत तो २७ सेंटिमीटरच्या थोडा वर जातो, एनमध्ये १५. वळणाची त्रिज्या डब्याच्या निदान अडीचपट धरावी. कमी धरली तर डबा वळणावर रुळाबाहेर लोंबतो आणि बिचारा कोकणकन्या एक्सप्रेस न दिसता जत्रेतली गाडी दिसतो. अडीचपट म्हणजे एचओत जवळजवळ ७० सेंटिमीटर. गाडी पूर्ण वळवायची तर त्याच्या दुप्पट, आणि कडेला थोडी जागा. झालं दीड मीटर रुंदीचं टेबल. ते भिंतीला लावलंत, तर पलीकडे घसरलेला डबा उचलायला तुमचा हात पोचत नाही. माणसाचा हात टेबलावर जेमतेम ७०-७५ सेंटिमीटर जातो, आणि हा हिशोब दुकानदार सांगत नाही. एनमध्ये हेच सगळं ८३-८४ सेंटिमीटरमध्ये आटपतं. जुन्या घराचं तीन फुटी दार आडवं टाकलं की पुरे.

मग सगळ्यांनी एनच घ्यावं का? नाही. आपली हवा विसरू नका. खारा वारा, चार महिने दमट. रुळांवर मळ धरतो, आणि वीज चाकांतून मोटरला पोचायची असते. एचओचं इंजिन वजनदार, ते थोड्या मळावरून रेटून जातं. एनचं हलकं इंजिन तिथेच अडखळतं, झेडचं तर रुसूनच बसतं. पावसात दर आठवड्याला आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रूळ पुसायची तयारी हवी. फेणी चालेल का, असं मला एकानं खरंच विचारलं होतं. फेणी पुसणाऱ्यासाठी ठेवा. शिवाय भारतीय इंजिनं-डबे तयार मिळतात ते बहुतेक एचओतच. नजर अधू असेल, हात थरथरत असेल, तरी एचओच बरं. आणि एन अर्ध्या आकाराचं म्हणून अर्ध्या किमतीचं असतं, या भ्रमात राहू नका.

माझं मत विचाराल, तर स्टेशन मांडायचं असेल, म्हणजे प्लॅटफॉर्म, चहाची गाडी, हमाल, तर एचओ. घाट मांडायचा असेल तर एन. कुळे ते कॅसलरॉक चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर धावलं की एक मीटर वर. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर एचओत निदान ८ सेंटिमीटर उंची गाठावी लागते, म्हणजे या चढानं तीन मीटर धाव. एनमध्ये ५ सेंटिमीटर पुरतात, दोन मीटरच्या आत काम होतं. आणि त्याच घाटातला दूधसागर धबधबा? खरा ३१० मीटर. एचओत साडेतीन मीटर, म्हणजे कौलं काढावी लागतील. एनमध्ये सहा फूट चार इंच.

हे सगळं ऐकून भाच्यानं पुठ्ठ्याचे डबे कापले, जमिनीवर खडूनं वळणं काढली, आणि एन ठरवलं. माळ्यावरचं जुनं दार खाली काढलं. परवा पुन्हा फोन. "मामा, दार साडेसहा फुटी आहे. भिंतीला उभं केलं तर दूधसागर वरपासून खालपर्यंत अख्खा बसतो!" मी म्हटलं, "अरे, मग गाडी कशावर चालवणार?" तो म्हणाला, "तेच विचारायला फोन केला. तुमच्या पडवीत एक दार पडून आहे ना?"

नमस्कार.